मेपर्यंत फावडं लावू नकोस

हेल्व्हीबाईंनी किल्ल्या दिल्या नोव्हेंबरात.
विल्यांदीत तेव्हा दुपारीच अंधारून येतं,
आणि बाग म्हणजे कुंपणाआडचा
ओल्या पाचोळ्याचा काळा चौकोन.
शेगडीचं दार कसं उचलून लावायचं ते दाखवलं,
तळघराची तिसरी पायरी सैल आहे म्हणाल्या,
आणि फाटकाशी, हातमोजे चढवता चढवता,
"मेपर्यंत फावडं लावू नकोस.
काय कुठे आहे ते तुला माहीत नाही."
मग मुलीच्या गाडीत बसून
तार्तूला गेल्या, चौथ्या मजल्यावर राहायला.

मी बेकरीत रात्रपाळीची.
राईचं आंबवण कधी उठणार
हे मला वासावरून कळतं.
मातीशी मात्र कधी बोलाचाली नव्हती.
त्या वर्षी बर्फ गुडघाभर साचलं
आणि पहाटे घरी येताना
त्या पांढऱ्या सपाटीकडे पाहून वाटायचं,
म्हातारी थट्टा करून गेली.

एप्रिल सरताना
पायवाटेच्या कडेला लाल बोटं निघाली.
खरंच बोटं. कुणीतरी खालून
चाचपून बघत होतं, थंडी गेली का म्हणून.
त्यापलीकडे रुबार्ब, मूठ आवळलेला,
मूठ उघडली तर आत
सुरकुतलेलं, चुरगळलेलं, हिरवं पान,
खिशात वर्षभर राहिलेल्या रुमालासारखं.
होस्टाची जागा तर मी रिकामी समजून
रोज तुडवत होते.
मे संपता संपता
माझ्याच बुटाच्या ठशातून
त्याची सुरळी वर आली. राग नाही, रुसवा नाही.

दर आठवड्याला कुणीतरी उठायचं.
मी पेरलं नव्हतं, विकत आणलं नव्हतं,
घराच्या कागदपत्रांत
त्यांच्या नावाची एक ओळ नव्हती.
जूनमध्ये, रात्र व्हायचं विसरते त्या दिवसांत,
पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या चढल्या,
आणि एका पहाटे, अंगाला पिठाचा वास घेऊन
मी फाटक उघडलं तर
सगळ्या एकदम फुटलेल्या,
इतक्या जड की मान टाकून बसलेल्या.
मी पायरीवर बसले. झोपायचं राहून गेलं.

पाचव्या सप्टेंबरात हेल्व्हीबाई आल्या,
बसने, एकट्या,
पिशवीत सुरी आणि जुनी वर्तमानपत्रं.
"एक तुकडा दे. गॅलरीत लावीन."
मी खणलं, त्यांनी सांगितलं कुठे, किती लांबून.
गड्डा निघाला तो लहान मुलाएवढा,
मातीसकट, दोघींनी मिळून उचललेला.
"हा सासूनं दिला मला. तिला
स्टेशनमास्तरच्या बायकोनं.
त्या बाईला कुणी, ते विचारायचं राहिलं."
सुरी आत गेली तसा
कच्च्या बटाट्यासारखा आवाज झाला.
प्रत्येक तुकड्याला तीन तरी डोळे ठेवले त्यांनी,
अंगठ्याने पुसून, मोजून.

"डोळे दोन बोटं खाली. जास्त नाही.
खोल गेला तर जगतो,
पण फुलत नाही."
हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या,
तरी मी उगीच सरळ उभी राहिले.

"कुंडीत रुसेल हा," मी म्हटलं.
"रुसू दे. चौथ्या मजल्यावर
मीही दोन वर्षं रुसलेच होते."

उरलेले तुकडे पाच.
एक जुन्या जागी. दोन शेजारच्या उर्वेला,
एक बेकरीतल्या शिकाऊ पोराला,
ज्याच्याकडे जमीन नाही, आजीकडे आहे.
पाचवा अजून कुठे जायचा होता, आठवत नाही,
कुंपणापाशी लावून टाकला,
तोच सगळ्यात आधी रुजला.

यंदा जूनमध्ये तार्तूहून फोन.
"पानंच आली. सात पानं. कळी एकही नाही."
आवाज मात्र असा,
की पलीकडे कुणी बारसं मांडलं असावं.
"कुंडीतला आहे ना, घाई करत नाही.
आणखी तीन वर्षं धर."

अठ्ठ्याऐंशी पूर्ण केली त्यांनी मार्चमध्ये.
मी म्हटलं, धरते.