गांधील

वडील बंदुकांचे दस्ते घासायचे,
अक्रोडाचा भुसा त्यांच्या मिशीत अडकायचा.
पापाच्या तिकटीजवळ दुकान, पाटी नव्हतीच,
शिकलगार म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं.

बारा बोअरनं मला एकदा उताणा पाडलं.
खांदा आठ दिवस जांभळा,
गिऱ्हाइकं सदरा सरकवून बघून जायची.
कृष्णाक्का सरनोबत तेवढ्या हसल्या नाहीत.
कनवटीतून एक काडतूस काढून
माझ्या तळहातावर ठेवलं :
करंगळीएवढं, मानेशी निमुळतं,
डॉक्टरकडच्या वस्तूसारखं स्वच्छ.
'ह्येला आमी गांधील म्हंतो. लाथ मारत न्हाई.
म्हणून जपायचं.'

बाई पाच फूटही नसतील.
काचा मारलेलं लुगडं, वर नवऱ्याचा खाकी कोट,
कोटाच्या खिशात भाजके शेंगदाणे.
मांडुकलीच्या वरच्या अंगाला, कारवीच्या कडेनं,
आम्ही एका काळ्या दगडाला टेकून बसायचो.
समोर ऐनाचं झाड.
'ऐनाच्या अलीकडं आलं तरच.
पलीकडचं आपलं न्हवं.'
साठ पावलं. मी मोजली होती.

भेकर यायचं
ओल्या सारवणावरून चालल्यासारखं,
एकेक खूर उचलून, विचार करून.
ऐनापलीकडंच चरायचं, निघून जायचं.
आक्का नळी खाली करायच्या, शेंगदाणे काढायच्या.
दहातल्या आठ संध्याकाळी हेच.
एवढ्यासाठी एवढी पायपीट,
मी मनात म्हणायचो, साली फोडता फोडता.

त्या मार्गशीर्षात आक्का तापानं पडल्या.
मी एकटा गेलो.
भेकर ऐनाच्या पलीकडं, बरंच पलीकडं,
पण आडवं. इतकं आडवं,
कुणी मांडून ठेवल्यासारखं.
चाप ओढला.

काही झालं नाही.
म्हणजे खांद्याला काही झालं नाही.
वाळली फांदी मोडल्यागत आवाज,
वाटलं, काडतूस फुसकं निघालं.
भेकरानं मान वळवली, माझ्याकडं नव्हे,
स्वतःच्याच कुशीकडं,
गोमाशी बसल्यावर बघतात तसं.
मग ते कारवीत शिरलं.
चालत.

आक्का आल्या रात्री, शाल पांघरून, कंदील घेऊन.
काही बोलल्या नाहीत.
थेंब होते, पण लांब लांब :
एक पानाच्या पाठीवर,
एक दगडावर, वाळून तपकिरी,
मग कितीतरी वेळ एकही नाही.
आक्का ओणव्यानं चालत होत्या
आणि त्यांचे दात वाजत होते, थंडीनं की तापानं.

उजाडताना ओढ्यात सापडलं,
गुडघे मुडपून बसलेलं.
डोळा उघडा, त्यात आमचा कंदील.

'किती राहिल्या?'
'अकरा.'
'एक काढ.'
मी बंदूक त्यांच्याकडं केली.
त्यांनी हात पदरात घेतले.

नळी आणि कान यांच्यात वीतभर अंतर.
खांद्याला पुन्हा काही लागलं नाही.

मटण गावात वाटलं.
संध्याकाळी कुणीतरी तांबडा रस्सा केला.
मी जेवलो, दोनदा वाढून घेतलं.
खोटं कशाला सांगू, चांगला झाला होता.

पुढं कायदा आला, शिकार संपली.
आक्का गेल्या. त्यांच्या मुलांना नको होती,
परवान्यावर माझं नाव चढलं.
आता निवडणूक लागली की
तेल पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून
मी ती रिक्षानं पोलीस ठाण्यात जमा करतो.
यंदाचा हवालदार नवा, बिद्रीकडचा, कोवळा.
हातात तोलून म्हणाला, 'चाचा, हे खेळण्यातलं काय?'
मग दस्ता खांद्याला लावला,
खिडकीतल्या कबुतरावर डोळा धरला.
'धक्का किती देती?'

मी म्हटलं, साहेब, आधी पावती करा.
त्यानं काडतुसं विचारली.
दहा, म्हटलं.
त्यानं डबी उघडून, एकेक टेबलावर उभं करून,
दहाच भरली ती,
आणि कार्बन सरळ करून तसं लिहिलं.