केसपेपर

खाजामियाँनी ओढ्यातली वाळू चाळताना बाजूला काढली,
पोत्यात आणली : डॉक्टरांना दाखवा.
डॉक्टर रजेवर. मी ड्रेसर,
तीस वर्षं बैलांचे खूर धरलेला.

एक तुकडा जिभेला लावला. चिकटला.
म्हणजे दगड होत आलेलं हाड.
सांध्याची खोबण माझ्या दोन मुठींची,
रेणापूरच्या कुठल्याच गोठ्यातली नव्हे.

धुतलं नाही. सावलीत वाळवलं,
पातळ फेव्हिकॉल पाजला थेंब थेंब,
भेगा घटाघटा प्यायल्या
उन्हातून आलेल्या म्हशीसारख्या.

लसीच्या रिकाम्या खोक्यात कापूस, वर केसपेपर :
डावा काठ, पिवळ्या मातीखाली हातभर.
जनावर – जागा कोरी.
मालक – ओढा.

वय काय असंल? खाजामियाँ वाकून बघत.
दात सापडू द्या, म्हणालो,
मग सांगतो.