डाव्या पायाचा फर्मा

आमच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर
लाकडाचे दोन पाय आहेत.
बाकीचे फर्मे आकड्यांचे, सात, आठ, नऊ.
या दोघांवर नाव आहे,
रापीच्या टोकानं कोरलेलं: हिंदुराव इंगवले.
डावा उजव्यापेक्षा दीड सुतानं लांब,
करंगळीजवळ एक टेंगूळ.
तिथं आज्जानं चामड्याची टिकली चिकटवून
लाकडालाही दुखायला लावलंय.

हा डावा पाय म्हणे
कोपऱ्यावरून बॉल असा वळवायचा
की गोलकीपर आधी अंबाबाईला हात जोडायचा,
मग बॉलकडं बघायचा.
आज्जा थोडं वाढवूनच सांगायचा.
वहीत मात्र वाढवलेलं नाही:
'हिंदुराव. बुटाचे तळ. एका हंगामात चार वेळा.'

मग मुंबईच्या एका मिलनं त्याला ठेवून घेतलं.
हजेरी साच्यावर, काम मैदानावर,
महिना चाळीस रुपये.
पेठेत कुणाला पटेना.
त्याची आई शेजारणीला हळूच म्हणायची,
'लाथा मारायचा पगार हाय, बाई.
कुणाला सांगू नका.'

दोन हंगाम.
तिसऱ्यात लढाई पेटलेली,
आणि एक सुभेदार मॅच बघायला येऊन बसला.
हाफ टाईमला त्यानं सोड्याची बाटली पुढं केली,
म्हणाला, पलटणीच्या टीमला लेफ्ट आऊट पाहिजे.
हिंदुराव बेळगावला गेला तो खेळायलाच गेला.
हे आज्जा दरवेळी ठासून सांगायचा,
जणू कुणी नाही म्हणत होतं.

कार्ड आलं ते इटलीतून.
निम्मं शाईनं खोडलेलं.
उरलेल्यात एवढंच:
सरकारी बूट दोन्ही पायांना सारखेच देतात.
डावा चावतो.
फर्मा आहेच तुमच्याकडं, एक जोड करून ठेवा.
तळाला बटणं ठोकू नका,
इथं नुसतं चालायचं काम आहे.
पैसे आल्यावर.

आज्जानं केली जोड.
बैलाचं कातडं, मेणाचा दोरा, इंचाला आठ टाके.
शेवटची गाठ मारली त्याच आठवड्यात
इंगवल्यांच्या दारात तारवाला.
तारेत एका नदीचं नाव होतं.
मास्तरांनी ते तीनदा वाचलं,
तीन तऱ्हांनी.
आईनं विचारलं, 'केवढी नदी? पंचगंगेएवढी?'
कुणालाच माहीत नव्हतं.

बूट आज्जा स्वतः घेऊन गेला.
तिनं हात लावला नाही.
म्हणाली, पैसे द्यायचेत की अजून.
पुढं ती जोड कुठं गेली
याच्या आमच्या घरात तीन गोष्टी आहेत
आणि सांगणारे तिघंही भांडतात.
वहीत साडेसात रुपये बाकी.
आज्जानं खालची रेघ मारली नाही,
बापानं नाही,
माझ्याकडं पेन असतं नेहमी.

मागं एका हॉटेलवाल्यानं फर्म्याची किंमत विचारली,
भिंतीवर लावायला.
त्याला मी चहा पाजला.

काल तालमीचं एक पोरगं आलं.
नवे झगझगीत बूट, डाव्यात कापूस कोंबलेला.
स्टेडियमकडनं आरडाओरडा ऐकू येत होता,
त्याचं निम्मं लक्ष तिकडं.
मी त्याचा पाय मांडीवर घेतला,
शिडी लावून फर्मा खाली काढला,
शेजारी धरला.
जुळला नाही. सुतभर राहिला.
'कुणाचा पाय हाय ह्यो, मामा?'
मी धूळ पुसली.
सांगायला सुरुवात केली
तर ते एक पाय बुटात, एक चपलेत
लंगडत रस्ता ओलांडून गेलंसुद्धा.