बेरीज सतरा

अशोकस्तंभाजवळच्या झेरॉक्सवाल्यानं शिकवलं
ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं :
सोळा पानी अंकात
पहिल्याला चिकटून सोळावं येतं,
दुसऱ्याला पंधरावं.
"बेरीज सतरा आली पाहिजे, पोरांनो,
नाहीतर गोष्ट शेवटाकडून सुरू होते."

आमची तशीच झाली. दोनदा.
चाळीस कागद वाया. त्यांच्या पाठीवर
रोहिदासनं महिनाभर मेसचा हिशेब लिहिला.

लिनोलियम परवडेना म्हणून
यमुना भोयेनं द्वारकेवरून
फरशीवर घालतात त्या व्हिनाइलचे तुकडे आणले,
आणि सुरगाण्याकडचा डोंगर कोरला :
एकच बारीक रेघ, बाकी सगळं काळं.
"आणि आकाश?"
"कोरलं की उजेड होतो. मी कोरलंच नाही."

प्रेस नव्हता. वरणाच्या पळीनं घासलं.
शाई हाताला, शाई पोह्यांना,
शाई बाथरूमच्या नळाला,
आईनं फक्त नळाबद्दल विचारलं.

तौसिफ कोकणी मुखपृष्ठावरचं नाव
आरशातल्यासारखं उलटं कोरायला विसरला.
छापल्यावर अक्षरं पाठमोरी उभी.
त्याच्या फुफीनं अंक हातात घेतला,
उजवीकडून बोट फिरवत नेलं.
मराठी तिला वाचता येत नाही,
पण दिशा ओळखीची होती.
मग आम्ही ते तसंच ठेवलं.

यमुनाचं पान दुसरं, माझं पंधरावं.
कागद उलगडलेला असतो तेव्हा आम्ही शेजारी.
दुमडून टाचला की
मधे बाकी सगळे येऊन बसतात.

जेलरोडला आमच्या हॉलमध्ये,
सोफा भिंतीला लावून,
सुई-दोऱ्यानं शिवत होतो तेव्हा
वडील सेकंड शिफ्टवरून आले.
नोट प्रेसमध्ये आहेत. बत्तीस वर्षं कागद मोजतात.
"झीन म्हणजे? मासिक?"
"नाही."
"पत्रिका? कुणाच्या लग्नाची?"
कुणी हसलं नाही. तेही नाही.

बूट न काढता खाली बसले.
अंगठा जिभेला लावला
आणि गठ्ठा असा सरसर गेला की
आमचे सगळ्यांचे हात थांबले.
"सत्त्याण्णव. किती म्हणाला होतात?"
शंभर.
"तीन कुठायत?"

एक झेरॉक्सवाल्याला दिला होता.
एक रोहिदासचा भाऊ सातपूरला घेऊन गेला, कंपनीत.
तिसरा कुणालाच आठवेना.
आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.
खरं तर बरं वाटलं,
की एक कुठेतरी आपला आपण निघून गेला.

रात्री दोनदा हॉलमधला दिवा लागला.
सोफा सरकवल्याचा आवाज.
त्यांच्याकडे एक शीट कमी भरली
तर कुणी घरी जात नाही,
असं ते लहानपणी सांगायचे,
मला वाटायचं उशिरा येण्याचं कारण आहे.

सकाळी प्रत्येक अंकाच्या मागे,
उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलनं,
त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरात आकडे.
चार, पाच, सहा, असे शंभरपर्यंत.
"एक-दोन-तीन?" मी विचारलं.
ते डबा भरत होते.
"ते चलनात आहेत ना."

रविवारी गंगापूर रोडला चादर टाकून बसलो.
किंमत वीस रुपये.
चार नंबरचा अंक एका बाईनं नेला,
मुखपृष्ठ उलटं आहे हे तिला दिसलंच नाही.
तिनं दिलेली नोट मी खिशात घालणार होते,
मग थांबून
आयुष्यात पहिल्यांदा
तिच्यावरचा नंबर वाचला.