खरेदी-मागणी क्रमांक ४११

सलायना, कॅन्सस. शाळेच्या बसगाड्यांचा डेपो.
सरकारचं म्हणणं एवढंच होतं:
रेडिओवरच्या आवाजाची वाट निम्मी करा,
उरलेल्या निम्मीतून दुसऱ्यांना जाऊ द्या.

विचिटाहून आलेल्या माणसानं ते
'अडतीस नवे संच' असं वाचून दाखवलं.
गुळगुळीत कॅटलॉग, मुदतीची तारीख लाल रंगात,
आणि "मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, मॅडम."
या वाक्यानंतर सहसा कुणी भाव विचारत नाही.

मी विचारला.
व्हर्ना कोलिंगनं चष्मा काढून पुसला,
पुन्हा घातला.
आकडा तेवढाच होता.

सही माझी लागणार होती.
त्याआधी मी बारा नंबरच्या बसमध्ये चढले,
ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असतो तो संच सोडवला,
उलटा केला, बाहीनं धूळ पुसली.
खालच्या पत्र्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत
मॉडेलचा नंबर.
मिक्सर बंद पडला की आई आधी
प्लग नीट बसलाय का बघायची,
मग दुकानाचं नाव काढायची.
माझं तांत्रिक शिक्षण तेवढंच.

लायल आला. निवृत्त, कुरकुरते गुडघे,
एक केबल आणि बिजागरी तुटलेला लॅपटॉप.
"याला दोन्ही येतं," म्हणाला, "रुंद आणि अरुंद.
पहिल्या दिवसापासून येतं.
कुणी विचारलंच नाही त्याला."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठाऊक होतं.
सांगितलं तर पाय आखडते घेणारी यंत्रंही असतात,
हे नवीन.

दोन शनिवार. डोनटचे तीन खोके.
एकतीस संच वळणावर आले.
सात खरंच थकलेले निघाले,
त्यांना आता काही नवं शिकवता येईना.
त्यांच्या जागी सात घेतले, घासाघीस करून.
परवान्यातला एक रकाना बदलून आणला.

आवाज जरा खोल गेल्यासारखा येतो आता.
ड्रायव्हर कुरबुरतात, बटण थोडं जास्त पिळतात.
पण जानेवारीत, बर्फावरून
चौदा नंबर नाल्याकडे घसरली, तेव्हा
रॉइसचा शब्द न् शब्द पोचला:
"सगळी ठीक आहेत.
एकीचा हातमोजा सापडत नाहीये."

मागणी ४११ वर अजून दिसतं,
३८ खोडून लिहिलेलं ७.
खाडाखोडीलाही सही लागते. तीही माझीच.

कॅटलॉग टाकला नाही.
व्हर्नाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.