खानेसुमारीत नसलेली गाय

आजी गेनोवेफा सांगायची :
गाव मिळालं तेव्हा चूल गरम होती,
आणि चुलीपाशी एक बाई उभी होती.

बुग नदीपलीकडून तीन आठवडे मालगाडीत.
सोबत शिलाई मशीन, एक कोंबडी, मेलेल्या भावाचे बूट.
स्टेशनातल्या माणसाने खडूने कागदावर आकडा ओढला :
बारा. हे तुमचं घर.
आणि गावाचं नाव?
त्याने खांदे उडवले. सध्या काही नाही.

आधी व्होर्नित्स होतं, कावळ्यांचं.
मग कुणा साहेबाला त्या कावळ्याची काव काव परकी वाटली,
सदतीस साली अस्सल जर्मन कावळा आणून बसवला : क्रेअनाउ.
आता नवं नाव वॉर्सात ठरायचं होतं.
तोवर आमच्या माणसांनी कोळशाने स्टेशनच्या भिंतीवर
मागे राहिलेलं आपलंच गाव लिहून टाकलं : कोपिचना.
दोन वर्षं आमची पत्रं
त्या कोपिचनाला जात राहिली,
जिथे वाचायला कुणी उरलं नव्हतं.

गोठ्यात गाय होती. कास तट्ट, दूध देईना.
आजीने गोंजारलं, पोलिशमध्ये.
मग शेजारच्या रुथेनी बायकांकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या.
गायीने बादली लाथाडली.

तेव्हा माळ्यावरून ती उतरली. ओटिलिए.
वसंतापर्यंत घर तिचं होतं, आता फक्त माळा.
गायीच्या कुशीला कपाळ टेकून म्हणाली,
"ना कोम, लीझे."
आणि बादलीत धार वाजली.

चार शब्द शिकवले तिने आजीला. तेवढेच.
जुलैत दंडाला पांढरी पट्टी बांधून निघाली,
हातात एक पिशवी.
आजीशी काही बोलली नाही.
गोठ्यात जाऊन मात्र बराच वेळ बोलत होती,
आजीला न शिकवलेलं काहीतरी.

मग कमिशनची पाटी आली : व्रोनित्से.
पुन्हा कावळेच. ते बिचारे कुठे गेलेच नव्हते.
खानेसुमारी होत राहिली :
चारशे बारा, एकशे नव्वद, तीनशे सहा,
शाळा बंद झाली त्या साली एकशे चाळीस,
आता त्रेसष्ट,
त्यातली माझी बहीण किंगा फक्त कागदावर.
ती गोर्लिट्समध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालते.
पहिल्या दिवशी एक आजोबा पाण्याला घाबरून ताठ झाले,
तेव्हा ती म्हणाली म्हणे, ना कोम.
फोनवर सांगताना हसत होती. मग हसली नाही.

त्या मार्चमध्ये सोलोमिया आली,
दोन मुलं, पिंजऱ्यात मांजर, एकच सुटकेस.
माळा रिकामाच होता.
कुठून आलात?
"कोपिचना. लहान गाव आहे, तुम्हाला माहीत नसेल."

चूल गरम होती. मी चुलीपाशी उभी होते.
सूप ढवळत राहिले, उगाच.
"आणि हे कुठलं गाव?" तिने विचारलं.
मी सांगितलं.
तिने फोनमध्ये ते चुकीचं लिहिलं.
मी पाहिलं,
आणि दुरुस्त केलं नाही.