साडेनऊनंतर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ह्यांनी
लायसन्स पाकिटात घालून परत धाडलं.
गाडी नॉटिंगहॅमच्या एका नर्सने नेली.
किल्लीचा हुक अजून दाराशी आहे,
त्याला आता आम्ही छत्री अडकवतो.

महिनाभर घरात बोलणं नव्हतं. म्हणजे होतं,
दूध आणि कचऱ्याच्या डब्यांपुरतं.

मग हॉस्पिटलची तारीख आली. बसने गेलो.
वर जागा होती, अगदी पुढची,
काचेला गुडघे टेकतात ती.
ज्या रस्त्याने तीस वर्षं ह्यांनी गाडी हाकली
त्याच रस्त्याच्या कुंपणापलीकडे
एक तळं होतं.
काठाला उलटी घातलेली होडी.
"हे तळं कधी झालं?" ह्यांनी विचारलं.
मी काय सांगणार,
तीस वर्षं मांडीवर नकाशा घेऊन बसलेली मी.

तेव्हापासून लेस्टरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर
यॉर्कशर पसरलेलं आहे.
ताटं मांडीवर घेऊन जेवतो.
भिंग, दोन रंगांची पेनं, वेळापत्रकं,
आणि शेजारच्या डोरीनने दिलेलं माहितीपत्रक,
"उत्साही ज्येष्ठांसाठी":
पांढरे दात, पांढरे बूट,
टेकडीवर हात पसरून उभा एक गृहस्थ.
ह्याचे गुडघे भाड्याचे असणार, मी म्हटलं.

ह्यांचा उत्साह असा, की रोज चार मैल चालतात,
जिना मात्र उतरतात तिरके, खेकड्यासारखे.
माझा असा, की चढ कितीही द्या,
दर दोन तासांनी बाथरूम हवं.
म्हणून नकाशावर माझ्या खुणा हिरव्या.
ह्यांच्या लाल:
मोफत पास साडेनऊनंतर.
नऊ अठ्ठावीसच्या बसला हात करायचा नाही,
तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

माल्टनला बस बदलायची, अकरा मिनिटं.
"अकरा पुष्कळ झाली," अजून गाडीवाल्याचा हिशोब.
अकरा मिनिटांत एक म्हातारी काठी शोधते,
एक बाळगाडी उतरते,
ड्रायव्हर कुणाच्या तरी आईची चौकशी करतो.
चाळीस, मी लिहिते. हे खोडतात. मी पुन्हा लिहिते.
शेवटी बावीस.
इतक्या वर्षांच्या संसारात
एवढा सरळ सौदा पहिलाच.

व्हिटबीच्या मिसेस हार्गरीव्हज फोनवर म्हणाल्या,
खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, समुद्र दिसतो.
पायऱ्या किती? "थांबा हं," म्हणाल्या,
आणि फोन ठेवून मोजून आल्या. एकेचाळीस.
मला ती बाई तिथेच आवडली.
वरच्या पडक्या मठापर्यंत आणखी एकशे नव्व्याण्णव.
"मध्ये बाकं आहेत," ह्यांनी वाचून दाखवलं,
"पूर्वी शवपेटी वाहणारे टेकायचे त्यांवर."
म्हणजे आपली सगळी सोय आहे, मी म्हटलं,
आणि मार्चनंतर पहिल्यांदा
हे पोट धरून हसले.

लीड्सहून निनादचा फोन:
"आई, मी नेतो ना, दोन तासांचं तर काम."
तेच तर, म्हटलं, दोनच तास.

दशम्या. लसणीची चटणी (बसमध्ये उघडायची नाही).
थर्मास अर्धाच भरायचा,
का ते हिरव्या खुणांना विचारा.

काल रात्री पाहिलं तर गुरुवारचा रकाना कोरा.
बुधवारी किल्ला, शुक्रवारी परत, आणि गुरुवारी?
ह्यांनी भिंग बाजूला ठेवलं.
"काही नाही. वर, पुढे बसायचं.
शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. परत यायचं."
शेवटच्या थांब्यावर बाथरूम असेल ना?
"असेल."

दिवा मालवल्यावर, मला वाटलं झोपले,
तेवढ्यात अंधारातून:
"ती होडी कुणाची असेल गं?"